हालचालींत अडखळणारी मुले : पालक व व्यायामशिक्षक यांच्यासाठी एक पाठ

धांदरट, वेंधळा, गबाळा, बावळट! मुलांना नावे ठेवण्याच्या बाबतीत आपली भाषा मुळीच दरिद्री नाही. पाण्याचा पेला तोंडाशी नेता नेता निम्मे पाणी सदऱ्यावर सांडणारा, खो-खोचे गडी वाटून घेताना शेवटपर्यंत उरणारा, तेरा वर्षांचा झाला तरी बुटाची नाडी आईकडून बांधून घेणारा असा एखादा मुलगा आपल्यापैकी पुष्कळांच्या पाहण्यात असेल. जिची पोळी म्हणजे दरवेळी नवा नकाशा असतो आणि जिला 'एवढी घोडी झाली तरी' ही सुरुवात असलेली वाक्ये रोज ऐकावी लागतात, अशी मुलगीही पाहण्यात असेल. या मुलांच्या वाट्यास घरोघरी दोन औषधे येतात. एक बोलणी, आणि दुसरे 'मोठा झाला की होईल नीट' हा दिलासा. पहिल्या औषधाने मूल कानकोंडे होते व दुसऱ्याने शिकण्याची वर्षे निघून जातात.

या मुलांना हालचाली शिकविता येतात, आणि त्या कुमारवयातही शिकविता येतात, एवढे एकच प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. ते पटावे म्हणून हा दोष कोणता, तो का होतो, आणि आपल्या व्यायामशाळेच्या अंगणात व स्वयंपाकघरात त्यावर काय करता येईल, हे क्रमाने पाहू.

१. हा दोष कोणता?

मुलाची बुद्धी साधारण आहे, डोळे ठीक आहेत, स्नायूंचा किंवा मज्जातंतूंचा कोणताही रोग नाही. तरीही वयाच्या मानाने हालचाली शिकण्यास त्याला फार वेळ लागतो, लहानपणापासून तसेच आहे, आणि त्यामुळे त्याचे रोजचे व्यवहार व शाळेतील कामे अडतात. ही सर्व लक्षणे एकत्र दिसली म्हणजे वैद्यकशास्त्र त्यास विकासात्मक समन्वय-विकार असे म्हणते. डिस्प्रॅक्सिया हे नावही काही पालकांच्या कानांवर आले असेल. शाळेत जाणाऱ्या दर शंभर मुलांत सुमारे पाच-सहा मुलांत हा दोष आढळतो. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात दोघे तरी असावयाचे. मुलींपेक्षा मुलांत तो अधिक दिसतो. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत त्याचे प्रमाण जास्त असते. पुष्कळदा त्याच्या जोडीस लक्ष न टिकण्याची किंवा वाचन-लेखनाची अडचणही असते.

डॉक्टरांनी या मुलांची दखल घ्यावयास बराच काळ लागला. १९६२ साली इंग्लंडमधील वैद्यकीय नियतकालिकांत अशा 'अवघडलेल्या' मुलांवर लिहिले गेले आणि हा आळस किंवा हूडपणा नव्हे असे बजावण्यात आले. त्यानंतरही देशोदेशी निरनिराळी नावे चालू होती. १९९४ साली कॅनडातील लंडन या शहरी तज्ज्ञ एकत्र जमले आणि त्यांनी एका नावावर एकमत केले. आपल्या देशात २०१६ साली झालेल्या दिव्यांगजन हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन-अक्षमतांची जी व्याख्या केली आहे, तीत डिस्प्रॅक्सियाचा नावानिशी उल्लेख आहे. तेव्हा ज्याला आपण घरात 'वेंधळेपणा' म्हणून मोडीत काढतो, त्याला कायद्यानेही मान्यता दिलेली आहे, हे पालकांनी ध्यानी ठेवावे.

२. हालचाल चुकते ती कोठे?

भरलेली आहे असे समजून आपण घागर उचलावयास जातो आणि ती रिकामी निघते. हात एकदम वर उडतो. असे का व्हावे? घागरीला हात लागण्यापूर्वीच मेंदूने तिच्या वजनाचा अंदाज बांधलेला असतो व तेवढा जोर हाताकडे धाडलेला असतो. अंदाज चुकला म्हणून हात उडाला. आपण दिवसभर ज्या हालचाली करतो, त्या अशाच अंदाजावर चालतात. जिना उतरताना पायरी किती खाली आहे, चेंडू हातात केव्हा येईल, पेन कागदावर किती दाबावे, हा सारा हिशेब अगोदर होतो आणि हालचाल झाल्यावर तो ताडून पाहिला जातो. या कामात मेंदूच्या मागच्या बाजूस असलेल्या लहान मेंदूचा मोठा वाटा असतो.

समन्वय-विकार असलेल्या मुलांत हा आगाऊ अंदाज बांधण्याचे काम कच्चे असते, असे आजचे पुष्कळ संशोधक मानतात. म्हणून अशा मुलाला प्रत्येक हालचाल डोळ्यांनी पाहत व विचार करीत करावी लागते. जे काम इतर मुलांचे हात आपोआप करतात, त्यासाठी याचे सारे लक्ष खर्ची पडते. फळ्यावरचे उतरवून घेताना अक्षर सांभाळावे तर गुरुजी काय म्हणाले ते निसटते, आणि गुरुजींचे ऐकावे तर अक्षर कोलमडते. संध्याकाळी हा मुलगा इतरांपेक्षा अधिक थकलेला असतो, ते उगाच नव्हे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. 'नीट बघून कर' असे ओरडल्याने या मुलाचा काही लाभ होत नाही. तो बघतच असतो. त्याला हवी असते ती सोपी केलेली हालचाल, अधिक वेळा केलेली पुनरावृत्ती आणि चूक कोठे झाली हे शांतपणे शोधण्याची रीत.

३. कुमारवयात अडचण का वाढते?

लहानपणी ज्यांना हा दोष असतो, त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांत तो मोठेपणीही थोडाफार उरतो. त्यातून बारा ते सतरा या वयात हातपाय झपाट्याने लांबतात आणि जुने अंदाज नव्याने बसवावे लागतात. त्याच सुमारास कामांची मागणीही वाढते. लिहिण्याचा वेग वाढवावा लागतो, प्रयोगशाळेत काचेची भांडी हाताळावी लागतात, सायकल चालवावी लागते, दाढी करावी लागते, स्वयंपाकात हात लावावा लागतो.

याहून मोठी गोष्ट मनाची आहे. सात वर्षांचा मुलगा पडला तर उठतो आणि पुन्हा धावतो. तेरा वर्षांच्या मुलाला आपल्याकडे कोण पाहत आहे ते कळते. दोन-चार वेळा हसे झाले की तो मैदानाकडे फिरकत नाही. मग त्याचा दम कमी होतो, वजन वाढते, हालचालींचा सराव आणखी तुटतो, आणि पूर्वी जेवढे येत होते तेवढेही येईनासे होते. या मुलांत शारीरिक क्षमता कमी राहते आणि चिंता व खिन्नता अधिक आढळते, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. हात अडखळतो हा मूळ दोष. पण मूल एकटे पडते ते त्याच्याशी आपण जसे वागतो त्यामुळे. म्हणूनच ही बाब एकट्या घराची राहत नाही, ती समाजाची होते.

४. आपल्या व्यायामपरंपरेपासून काय घ्यावे?

धार-देवासचे पवार, इंदूरचे होळकर व ग्वाल्हेरचे शिंदे यांच्यामागोमाग माळव्यात व निमाडात आलेल्या मराठी कुटुंबांना आखाडा परका नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले, अशी परंपरा आहे. मल्लखांबाची राष्ट्रीय स्पर्धा १९६२ साली ग्वाल्हेर येथे झाली आणि मध्य प्रदेश शासनाने २०१३ साली मल्लखांबास राज्यखेळाचा दर्जा दिला. बडोद्यास द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेल्या व्यायाम-ज्ञानकोशाच्या दहा खंडांत आपले व्यायाम शब्दांनी व चित्रांनी मांडलेले आहेत. हालचालीचे तुकडे पाडून ती शिकवावी, ही दृष्टी आपल्याकडे जुनीच आहे.

या परंपरेत आपल्या विषयास उपयोगी पडणारा एक गुण आहे. खेळांचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतात. एका प्रकारात समोरची वस्तू हलत असते. चेंडू येतो, गडी पळतो, क्षणात निर्णय घ्यावा लागतो. दुसऱ्या प्रकारात जग स्थिर असते आणि आपणच हलतो. सूर्यनमस्कार, जोर, बैठका, मल्लखांब हे दुसऱ्या प्रकारातले. ज्या मुलाचा अंदाज कच्चा आहे, त्याला येणारा चेंडू झेलणे सर्वांत अवघड जाते. खांब मात्र जागचा हलत नाही. तो मुलाची वाट पाहतो. मुलाने आपल्या गतीने जावे, थांबावे, पुन्हा करावे. खांबाची तक्रार नसते. शाळेत मात्र आपण नेमका उलटा क्रम लावतो. पहिल्याच दिवशी मुलाला क्रिकेटच्या मैदानात उभे करतो, चेंडू सुटला की हसतो आणि 'याला खेळात गती नाही' असा निकाल देतो.

शिकविणाऱ्याची रीत बदलली की काय होऊ शकते, याचा दाखला मुंबईत आहे. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलांना मल्लखांब शिकविला. त्यांना २०२४ साली पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. दृष्टिहीनता आणि समन्वय-विकार या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तथापि जे मूल पाहून अनुकरण करू शकत नाही, त्यालाही स्पर्शाने, शब्दाने व धीराने अवघड हालचाल शिकविता येते, एवढा बोध त्यातून घ्यावा.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. दंड-बैठकांनी बळ व दम वाढतो, हे खरे. पण दंड काढून अक्षर सुधारत नाही, किंवा खांबावर चढून सायकल येत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक शिफारशींचा रोखही हाच आहे, की मुलाला जे काम येणे जरूर आहे, तेच काम त्याला प्रत्यक्ष शिकवावे. व्यायामशाळा त्याला शरीर, सोबती व धीर देईल. रोजच्या कामाचा सराव त्या कामातच करावा लागेल.

५. शिकविण्याच्या चार पायऱ्या

कॅनडातील हेलेन पोलाटायको व अँजेला मँडिच यांनी या मुलांसाठी एक पद्धत बसविली आहे. तिचे सार चार शब्दांत सांगता येते : ध्येय, योजना, कृती, पडताळा. काय शिकावयाचे ते मुलाने स्वतः निवडावे. कसे करावयाचे ते त्याने तोंडाने बोलून ठरवावे. मग करून पाहावे. आणि शेवटी योजना बरोबर ठरली की नाही ते त्यानेच तपासावे. शिक्षकाने उत्तर सांगू नये, प्रश्न विचारावा. 'पाय कोठे अडकला?' 'त्या वेळी नजर कोठे होती?' 'आता काय बदलशील?' एवढे प्रश्न पुरतात. साधारण दहा-बारा बैठकांचा हा क्रम असतो. आपली चूक आपण शोधण्याची सवय लागली, की ती दुसऱ्या कामातही उपयोगी पडते. कुमारवयीन मुलांना ही पद्धत विशेष मानवते, कारण तीत त्यांना लहान मूल समजले जात नाही.

सायकलचे उदाहरण घेऊ. शाळेपर्यंत सायकलने जाणे हे ध्येय. प्रथम बैठक इतकी खाली करावी की दोन्ही पाय जमिनीस सपाट टेकतील. मग दोन्ही पायडल काढून ठेवावीत. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे पान्हा लावताना विसरू नये. आता मुलाने बैठकीवर बसून पायांनी जमीन रेटीत पुढे जावे. येथे तो एकच गोष्ट शिकतो, ती म्हणजे तोल. पाय उचलून दहा-बारा हात जाता येऊ लागले की किंचित उताराची मोकळी जागा पाहावी. त्यानंतर ब्रेक दाबून ठरविलेल्या रेघेवर थांबण्याचा सराव करावा. मग पायडल पुन्हा बसवावीत आणि सर्वांत शेवटी बैठक वर घ्यावी. मागून सायकल धरून धावणारे वडील यात कोठेच नाहीत. त्यांनी धरले म्हणजे तोल त्यांचा असतो, मुलाचा नसतो.

पोळीचेही असेच. सर्व कृती एकदम न सांगता शेवटाकडून सुरुवात करावी. आईने जवळजवळ लाटून दिलेली पोळी मुलीने पुरी करावी. ते जमले की अर्धी लाटलेली, मग नुसता दाबलेला गोळा. प्रत्येक वेळी काम पुरे झाल्याचे समाधान तिच्या पदरात पडते. लाटणे गोल फिरविण्याच्या खटपटीत न पडता ते सरळ मागेपुढे चालवावे व पोळीच थोडी थोडी वळवावी, एवढी एक युक्ती तिला स्वतः शोधू द्यावी.

लिहिण्याच्या बाबतीत थोडे जाड पेन, पुढून किंचित उतरती पाटी, पाय जमिनीस टेकतील अशी खुर्ची आणि रोज दहा मिनिटांचा सराव, एवढे करून पाहावे. सातवी-आठवीपासून देवनागरी टंकलेखनही शिकवावे. पानेच्या पाने शिक्षा म्हणून गिरवावयास लावू नयेत. थकलेला हात चुकीचेच वळण पक्के करतो.

६. व्यायामशाळेतील क्रम

पहिल्या महिन्यात जमिनीवरचे व्यायाम घ्यावेत. सूर्यनमस्काराच्या बारा अवस्था एकदम न शिकविता तीन-तीन अवस्थांचे तुकडे करावेत. एक तुकडा बसल्यावर दुसरा जोडावा. अंक संथ मोजावेत. भिंतीचा आधार घेऊन बैठका, एका पायावर उभे राहणे, आखलेल्या रेघेवरून चालणे हेही याच वेळी घ्यावे.

दुसऱ्या महिन्यात खांबाशी ओळख करून द्यावी. खाली जाड गादी असावी आणि जाणता शिक्षक हाताच्या अंतरावर असावा. सलामी, छाती लावून खांबास मिठी, पायांची पकड आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर पाच अंक थांबणे, एवढेच पुरे. उंचीची घाई करू नये.

तिसऱ्या महिन्यात लेझीम. गणेशोत्सवामुळे ती आपल्या मुलांच्या कानांत असतेच. येथे प्रथमच इतरांच्या तालाबरोबर चालावयाचे असते. आधी नुसती पावले, मग नुसते हात, मग दोन्ही. ताल संथ ठेवावा आणि मुलास दुसऱ्या रांगेत उभे करावे, म्हणजे पुढच्याकडे पाहून चालता येते.

यानंतर हलणाऱ्या वस्तूंकडे वळावे. पहिल्याने फुगा, कारण तो सावकाश उतरतो. मग मोठा मऊ चेंडू टप्पा देऊन. मग लहान चेंडू. आणि शेवटी खो-खोसारखा खेळ. स्थिर वस्तूकडून चल वस्तूकडे आणि एकट्याकडून समूहाकडे, हे या सर्व क्रमाचे सूत्र होय.

निमाडाचा उन्हाळा लक्षात घेता तास सकाळी लवकर घ्यावा. एका वेळी वीस-पंचवीस मिनिटांहून अधिक नवे काम देऊ नये. कोणाची कोणाशी तुलना न करता प्रत्येकाची वही ठेवावी व गेल्या महिन्याच्या त्याच्या स्वतःच्या नोंदीशी ताडून पाहावी. मूल आपण होऊन म्हणत नाही तोवर त्याला चार लोकांपुढे प्रयोग करावयास लावू नये.

७. वैद्याकडे केव्हा जावे?

सराव सुरू करण्यापूर्वी मुलास एकदा डॉक्टरांस दाखवावे व डोळेही तपासून घ्यावेत. पूर्वी येत असलेली हालचाल जाऊ लागली, पडणे महिन्यागणिक वाढले, एकच हात किंवा पाय दुबळा वाटला, उठताना मांड्यांवर हात टेकावे लागू लागले, पोटऱ्या फुगीर दिसू लागल्या, डोकेदुखीबरोबर उलट्या झाल्या किंवा झटके आले, तर तो हा दोष नसून दुसरा काही रोग असू शकतो. अशा वेळी एक दिवसही दवडू नये. समन्वय-विकारात मूल हळू शिकते, पण शिकलेले गमावीत जात नाही, ही खूण लक्षात ठेवावी.

या मुलांना शिकविण्याचे खास शास्त्र व्यवसायोपचार या नावाने ओळखले जाते. त्याचा भारतातील पाया मराठी मुलखात घातला गेला, हे आपणास अभिमानास्पद आहे. अमेरिकेत जन्मलेल्या व विवाहाने निंबकर घराण्यात आलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विद्येची आपल्या देशातील पहिली शाळा सुरू केली. आज असे उपचारक इंदूरसारख्या शहरांत भेटू शकतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी केली जाते आणि पुढील तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्राची योजना आहे. शाळेत तपासणी-पथक येईल तेव्हा पालकांनी व शिक्षकांनी हालचालींची अडचण आवर्जून सांगावी. मूल आपण होऊन सांगणार नाही. रीतसर प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मागता येतात. त्याचे नियम शाळेकडून वेळीच समजून घ्यावेत.

८. आपण काय करावे?

मनावरसारख्या तहसिलीच्या गावी प्रत्येक शास्त्राचा तज्ज्ञ मिळणार नाही. पण वर सांगितलेल्या क्रमातील बहुतेक गोष्टींस फारसा खर्च नाही. मोकळे अंगण, एक खांब, दोन गाद्या, काही लेझमी, पायडल काढलेली एक जुनी सायकल आणि धीराचा माणूस, एवढी सामग्री कोणत्याही सेवाभावी संस्थेस जमविता येईल. आठवड्यातून तीन सकाळी एक तास असा ठेवावा की जेथे क्रमांक नाहीत, बक्षिसे नाहीत आणि हसणे नाही. त्या तासाला 'अशक्त मुलांचा वर्ग' असे नाव मात्र देऊ नये. त्यात चपळ मुलांनीही यावे व सोबत्यास हात द्यावा. शिकविता शिकविता त्यांचेही शिक्षण होईल.

घरातील वडीलधाऱ्यांकडे एकच मागणे आहे. आजपासून 'वेंधळा' हा शब्द घरातून काढून टाकावा आणि त्याच्या जागी 'कोठे अडले ते पाहू' हे वाक्य ठेवावे. महोत्सवाच्या वर्षी संस्था आपल्या कार्याचा हिशेब मांडते. पुढील वर्षीच्या गणेशोत्सवात लेझमीच्या दुसऱ्या रांगेत, आजवर कोपऱ्यात बसून राहिलेला एखादा मुलगा किंवा मुलगी तालात पाऊल टाकताना दिसली, तर त्या हिशेबात एक मोलाची भर पडली असे समजण्यास हरकत नाही.